अनुभव धागा: पोरं वर्गात येतात कशानं, बोलतात कशानं?

बर्डीकरीण
नागपुरात बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवते. पटावर 68, सोमवारी वर्गात 19. त्यातले चार पंख्याखाली झोपलेले. 75 टक्के हजेरीची आठवण सत्र संपत आलं की होते, तोवर कॅन्टीन फुल्ल. धाकाशिवाय काय चाललं, तेवढं लिहा. शिकवणारे, शिकलेले, दांडीबहाद्दर, सगळेच.

संत्रेवाला
दांडीवाल्यांकडून मी. गाव काटोलकडचं. पहिलं वर्षभर तोंड उघडलं नाही, आपलं बोलणं ऐकून शहरातली पोरं हसतील म्हणून. एक दिवस सरांनी पुस्तक काढलंच नाही. पिशवीतून संत्रं काढून टेबलावर ठेवलं. "मार्च चालू आहे. हे आंबियाचं की मृगाचं?" सगळे चूप. मी पुटपुटलो, "मृगाचं." सरांनी फळ्यापाशी बोलावलं. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, त्याचं फळ दिवाळीच्या आगेमागे निघतं. मृगाची फुलं पावसाच्या तोंडाशी, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताण कसा देतात, म्हणजे पाणी तोडून झाडाला फुलायला कसं लावतात, हे सांगता सांगता वीस मिनिटं गेली. मग सर म्हणाले, "आता भाव पडला, तर याचे वडील यंदा झाडावरचं फळ थांबवतील का?" पुरवठ्याची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा तास पुन्हा बुडवला नाही. बाकीच्यांचे बुडवले, खोटं काहून बोलू?

शेवटचा बाक
आमचा पहिला तास 7.30 ला. उमरेडहून येणाऱ्यानं उठायचं किती वाजता बे? 9 चा केला, अर्धा वर्ग आपोआप भरला.

लग्नपत्रिका
मी भौतिकशास्त्र शिकवतो. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी 1990 च्या दशकात रुळवलेली रीत वापरतो: बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. त्यांच्याकडं बटण दाबून उत्तर द्यायची यंत्रं, माझ्याकडं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली अ-ब-क कार्डं. प्रश्न: लिफ्ट एकसारख्या वेगानं वर चालली आहे, दोराचा ताण तिच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच? बहुतेक कार्डं 'जास्त'ची वर येतात, आणि मग जे भांडण जुंपतं! (उत्तर: तेवढाच.) पहिल्या आठवड्यात शेजारच्या वर्गातल्या मॅडम तक्रार घेऊन आल्या. एक मात्र खरं, जवळपास सगळेच चुकले तर चर्चेतून काही निघत नाही, पुन्हा शिकवावं लागतं.

झेरॉक्सप्रेमी
कॉलेजसमोर 40 रुपयांत अख्ख्या सत्राच्या नोट्स मिळतात. वर्गात त्याच वाचून दाखवतात. येऊ कशाला?

बर्डीकरीण
झेरॉक्सप्रेमी, लागलं. गेल्या वर्षी मीही वाचूनच दाखवल्या. उद्याच्या तासाला काय न्यावं म्हणून स्वयंपाकघर धुंडाळलं. संत्र्याचा मोसम नाही. तुरीची डाळ नेतेय, वाटीभर.