मेरी डायर ही अरबेला स्टुअर्टची मुलगी? वंशावळीतली ती चौकट रिकामीच बरी

निशिगंधा

सासूबाईंनी जमवलेली वंशावळीची फाइल आता माझ्या ताब्यात आली आहे. नवऱ्याचं घराणं अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचं. मूळ पुरुष विल्यम डायर, त्याची बायको मेरी. क्वेकर (तेव्हा छळ सोसलेला एक ख्रिस्ती पंथ) असल्यापायी १ जून १६६० ला बॉस्टनमध्ये फासावर दिली गेली, तीच ही मेरी. हद्दपार केलं तरी परत आली, पुन्हा काढलं, पुन्हा आली.

प्रश्न तिच्या आईबापाचा आहे. फाइलमध्ये ठसठशीत अक्षरात लिहिलंय: आई लेडी अरबेला स्टुअर्ट, वडील विल्यम सीमोर. म्हणजे थेट इंग्लंडच्या राजाची चुलतबहीण! कथा अशी: अरबेला आणि सीमोर यांनी जून १६१० मध्ये राजा पहिल्या जेम्सच्या परवानगीशिवाय गुपचूप लग्न केलं. दोघंही गादीच्या वारसांपैकी, म्हणून राजाने दोघांना अटकेत टाकलं. त्यांना झालेली मुलगी एका दाईने लपवून वाढवली, तीच पुढे मेरी बॅरेट, म्हणजे लग्नानंतरची मेरी डायर.

माझं मत, ही ओळ खोडून तिथे 'अज्ञात' लिहावं. मेरीच्या हयातीतल्या एकाही कागदात याचा मागमूस नाही. मॉरिआर्टी नावाच्या वंशावळीच्या अभ्यासकाने १९५० मध्ये ही कथा निकालात काढली. लोक तरीही ती सोडणार नाहीत, असंही त्यानेच बजावलं होतं. नवरा म्हणतो, आईची मेहनत आहे, राहू दे. तुमचं काय म्हणणं?

सह्याद्रीचा वारा

नवऱ्याच्या बाजूने माझं मत. राजाच्या भीतीने लपवलेल्या मुलीची जन्मनोंद कोण करून ठेवेल? कागद नसणं हेच तर या कथेत अपेक्षित आहे. शिवाय मेरीचे समकालीन काय म्हणतात ते बघा. बॉस्टनच्या वसाहतीचा गव्हर्नर विन्थ्रॉप तिचा कट्टर विरोधक, तरी तिला रूपवान आणि फार मानी बाई म्हणतो. क्वेकरांचा इतिहास लिहिणारा डच लेखक क्रोझ तर तिचं कूळ साधंसुधं नव्हतं असं स्पष्टच लिहितो. लिहिता-वाचता येणारी, न्यायालयाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिणारी बाई होती ती. हे सगळं आभाळातून पडलं का?

निशिगंधा

'कागद नाही म्हणूनच खरं' या न्यायाने मीही उद्या कुणाचीही वंशज होईन. क्रोझचं पुस्तक १६९५ चं, मेरी जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरचं, आणि तेही ऐकीव. चांगलं कूळ आणि चांगलं शिक्षण म्हणजे सधन व्यापाऱ्याचं घरही असू शकतं. लंडनमध्ये अशी घरं कमी नव्हती. रूप आणि ताठा यांवरून राजघराणं ठरवायचं तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका महाराणी ठरतील.

दप्तरदार

इथे एक खरा कागद आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मेरीचं लग्न २७ ऑक्टोबर १६३३ ला लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्समध्ये झालं. पुढे तीन महिने व्हायच्या आत, १८ जानेवारीला, कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात (मयताच्या मालमत्तेचे व्यवहार तेव्हा चर्चची न्यायालयं बघायची) एक नोंद आहे. (मूळ कागदावर साल १६३३ च दिसेल. तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आजच्या हिशेबाने ते १६३४.) विल्यम बॅरेट नावाचा, लग्न न झालेला माणूस 'समुद्रापार' वारला. त्याच्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे सोपवला? विल्यम डायर, मासळीवाला, आणि त्याची बायको मेरी डायर ऊर्फ बॅरेट, या दोघांकडे. हा कागद २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे मॉरिआर्टीच्या हातात तो नव्हता.

म्हणजे मेरीला भाऊ होता आणि तो बॅरेट होता. आता त्या भावालाही अरबेलाचाच मुलगा म्हणायचं का?

जाता जाता: डायर मासे विकत नव्हता. तो मासळीवाल्यांच्या संघाचा सदस्य होता, धंदा टोप्या-फितींचा. लंडनमध्ये संघ एक आणि धंदा दुसरा, हे सर्रास चालायचं.

सह्याद्रीचा वारा

दप्तरदार, कागद मान्य. पण त्यातून फक्त एवढंच निघतं की ती बॅरेट कुटुंबात वाढली. दाईने वाढवलेली मुलगी दाईच्याच घरचं नाव लावणार ना? तिथला मुलगा तिला बहीणच मानणार. तुमच्या कागदाने माझी कथा मोडत नाही, उलट बसते.

काळा कोट

थांबा, हा माझा प्रांत. मृत्युपत्र नसेल तर कारभार कुणाला द्यायचा हे न्यायालय माया बघून ठरवत नाही, रक्ताचं नातं बघून ठरवतं. बायको, मुलं, आईबाप, मग भावंडं. मानलेल्या बहिणीला तिथे उभंच राहता येत नाही, कुणी खरा चुलतभाऊ हरकत घेऊन तिला बाजूला करू शकला असता. मेरीला कारभार मिळाला याचा अर्थ न्यायालयाच्या लेखी ती सगळ्यात जवळची होती, आणि बहुधा आईबाप हयात नव्हते. आईबाप कोण हे त्यातून कळत नाही, पण ते बॅरेट होते हे मात्र दिसतं.

एक वाचक

क्वेकर लोक जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी फार काटेकोर ठेवायचे असं वाचलंय. त्यांच्या वह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे बघायचं ना सरळ.

दप्तरदार

त्या वह्या उत्तम आहेत, पण इथे निरुपयोगी. मेरी जन्मली साधारण १६११ च्या सुमारास. क्वेकर पंथ काढणाऱ्या जॉर्ज फॉक्सची चळवळ उभी राहिली १६५० च्या आसपास. मेरी अमेरिकेत आली १६३५ मध्ये, तेव्हा ती प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमध्ये कडक सुधारणा मागणाऱ्यांपैकी) होती. १६५२ मध्ये इंग्लंडला परत गेली, तिथे क्वेकर झाली. त्यामुळे तिचा जन्म शोधायचा तर अँग्लिकन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत, आणि लंडनच्या कित्येक वह्या १६६६ च्या आगीत गेल्या. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला उपाध्यांच्या वहीत गाव सांगितलं की पिढ्या निघतात. इथे गावच माहीत नाही, हीच अडचण आहे.

मावळतीकर

डीएनए करा आणि विषय संपवा.

काळा कोट

कशाचा डीएनए? दहा-बारा पिढ्यांनी एका पूर्वजाचा वाटा इतका पातळ होतो की बहुतेक वंशजांच्या अंगात मेरीचा ओळखू येईल असा तुकडाही नसेल. आईकडून मुलीकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए टिकतो, पण त्यासाठी मेरीपासून आजपर्यंत फक्त मुलींची अखंड रांग हवी. आणि तिकडे अरबेलाची आजी बेस ऑफ हार्डविक हिच्यापासूनही तशीच. निशिगंधाताईंच्या घरात डायर आडनाव मुलांकडून आलं असेल, तर तिथे ही चाचणी लागूच होत नाही.

निशिगंधा

बरोबर, आमची शाखा मेरीच्या मुलाची.

मला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा वेगळाच आहे. मेरीच्या फाशीनंतर इंग्लंडमधले क्वेकर गप्प बसले नाहीत. जॉर्ज बिशपने १६६१ मध्ये बॉस्टनच्या अत्याचारांवर पुस्तक छापलं, एडवर्ड बरोने दुसऱ्या चार्ल्सला गाठून सांगितलं की तुमच्या राज्यात निरपराधांचं रक्त वाहतंय. राजाने त्याच वर्षी अशा शिक्षा थांबवण्याचा हुकूम काढला आणि तो न्यायला बॉस्टनमधून हाकलून दिलेला क्वेकर सॅम्युअल शॅटकच पाठवला! आता मला सांगा, फासावर गेलेली बाई राजाच्याच नात्यातली आहे अशी कुजबुजसुद्धा असती, तर ती बरोने राजाच्या कानावर घातली नसती? हुकमाचा पत्ता कुणी हातात धरून बसतं का? बिशप तिच्याबद्दल लिहितो ते एवढंच: गंभीर, देखणी, चांगल्या लौकिकाची, सधन नवऱ्याची बायको, मुलांची आई.

सह्याद्रीचा वारा

हा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण कुणालाच माहीत नसेल तर? मेरीला स्वतःलाही?

काळा कोट

मग सासूबाईंच्या फाइलला कुठून कळलं?

दप्तरदार

सीमोरचंही बघा. अरबेला १६१५ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत वारली, जेम्स १६२५ मध्ये गेला. सीमोर पुढे दरबारात मानाने वावरला, थेट ड्यूक झाला. दुसऱ्या लग्नातल्या एका मुलीचं नाव त्याने अरबेला ठेवलं. म्हणजे पहिलीची आठवण काढायला तो घाबरत नव्हता. मुलगी असती तर एखादी खूण, एखादी देणगी राहिली असती. आणि अरबेला तर लग्नानंतर काही आठवड्यांतच नजरकैदेत गेली, राजाचे वैद्य येऊन तिला तपासत होते. त्या पहाऱ्यात बाळंतपण लपवायचं कुठे?

मावळतीकर

मला एक कळत नाही. जी बाई २७ ऑक्टोबर १६५९ ला दोन सोबत्यांना आपल्या डोळ्यांदेखत फासावर जाताना बघते, स्वतःच्या गळ्यात दोर असताना तिला माफी मिळते, आणि सात महिन्यांत ती पुन्हा त्याच गावात येते, तिला मोठेपणा मिळवून द्यायला स्टुअर्ट घराणं कशाला लागतं?

सह्याद्रीचा वारा

मोठेपणासाठी नाही हो, एका घरात पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट आहे म्हणून. ती खोडली की सांगणारे पण खोडले जातात. निदान 'घराण्यातली समजूत' म्हणून तळटीप ठेवा. चौकटीत नको, कबूल.

निशिगंधा

तळटीप ठेवते. सासूबाईंच्या अक्षरातलं पान फाइलमध्ये तसंच राहील, पण चौकटीत 'बॅरेट, नावं अज्ञात' एवढंच जाईल. नवऱ्याला हे अजून सांगायचंय.

दप्तरदार, पुढचा शोध भावाचा घ्यावा का?

दप्तरदार

तोच एक रस्ता उघडा दिसतो. लंडनच्या व्यापारी संघांच्या उमेदवारांच्या (धंदा शिकायला ठेवलेल्या मुलांच्या) नोंदीत मुलाच्या नावासोबत बापाचं नाव, गाव आणि बहुतेक वेळा धंदा लिहिलेला असतो. विल्यम बॅरेट समुद्रापार वारला, म्हणजे तो व्यापारी, खलाशी किंवा शिपाई असणार. व्यापारी असला तर साधारण १६२० ते १६३० मधल्या उमेदवारांत तो सापडू शकतो. नाव फार सामान्य आहे, आणि बॅरेटचं स्पेलिंग तेव्हा कुणीही कसंही लिहायचं. तीन-चार विल्यम बॅरेट निघतील. त्यातला आपला कोणता, हे मेरी नावाची बहीण असलेलं मृत्युपत्र मिळेपर्यंत ठरवू नका.

सह्याद्रीचा वारा

आणि त्यातल्या एकाचा बाप सीमोरच्या नोकरीत निघाला तर मला आधी कळवा.