प्लेटिंग युनिटला शो कॉज आलीय, कन्सल्टंटला पैसे द्यावेत का?

झिंकवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं प्लेटिंग युनिट आहे, झिंक आणि थोडं हार्ड क्रोम, वडिलांनी सुरू केलेलं, आम्ही धरून नऊ माणसं. मागे प्रदूषण बोर्डाचे साहेब येऊन सँपल घेऊन गेले आणि आता शो कॉज, म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, आलीय. एक तर ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) स्लज, म्हणजे खाली बसलेला गाळ, ९० दिवसांच्या वर ठेवलाय, आणि आउटलेटला हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) जास्त निघालं. स्लजचं खरंय, शेडमागे ११ ड्रम आहेत, वर ताडपत्री, त्यातल्या दोन ड्रमांची बुडं गंजून गेलीत. एक कन्सल्टंट म्हणतो साठ हजार द्या, सगळं मॅनेज करतो. द्यावेत का? आणि ईटीपी रोज चालू असताना क्रोमियम येतंच कुठून?

ईटीपीवाला_काका
लिमिट ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, तुझं किती आलं ते सांग. आणि टाकीत काय काय टाकतोस?

झिंकवाला_भोसरी
१.४ आलंय काका. सगळं पाणी एकाच टाकीत येतं, मग चुना, मग अलम (तुरटी).

ईटीपीवाला_काका
झालं तर मग. सहाचं, म्हणजे हेक्साव्हॅलंट, क्रोमियम चुन्याने बसत नाही रे, पाणी पिवळंच राहतं. क्रोमचं पाणी वेगळं घे, ॲसिड टाकून पीएच २ ते ३ वर आण, मग मेटाबायसल्फाइट, पिवळं जाऊन हिरवट झालं की समज तीनचं, म्हणजे ट्रायव्हॅलंट, झालं, आणि मग चुन्याने पीएच साडेआठच्या आसपास ने, तेव्हा ते खाली बसतं. झिंकवर पिवळं पॅसिव्हेशन (वरचा क्रोमेटचा थर) करतोस ना? त्याच्या रिन्समध्येही, म्हणजे धुतलेल्या पाण्यातही, हेच सहाचं असतं, लोक फक्त हार्ड क्रोमच्या बाथकडे (टाकीकडे) बघत बसतात. आणि झिंक सायनाइडवर असेल तर ते पाणी ह्या ॲसिडच्या टाकीत चुकूनसुद्धा जाऊ देऊ नको, गॅस होतो, माणूस जागच्या जागी जातो.

झिंकवाला_भोसरी
नाही काका, ॲसिड झिंक आहे. पण पॅसिव्हेशन पिवळंच 🙏

कागदवाली_ताई
मी हेच काम करते म्हणून सांगते, साठ हजार कशाचे ते आधी लेखी मागा दादा. "मॅनेज" ही काही कामाची यादी नाही. स्लजसाठी रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामाईक फॅसिलिटीची मेंबरशिप घ्यावी लागते, ते गाडी पाठवतात, बिल वजनावर होतं. त्यामुळे ओला चिखल पाठवू नका, आधी ड्राइंग बेडवर वाळवा, निम्मं बिल तर पाण्याचंच असतं. घातक कचऱ्याच्या यादीत स्लजचा नंबर ३५.३, तो तुमच्या कन्सेंटमध्ये (बोर्डाच्या परवानगीपत्रात) किती टनाला लिहिलाय ते बघून घ्या, बऱ्याच जणांचा आकडा तिथेच चुकलेला असतो. गाडी गेली की मॅनिफेस्ट, म्हणजे माल पाठवल्याचा कागद, फॉर्म १०, रोजची नोंद फॉर्म ३, वर्षाचा रिटर्न फॉर्म ४ हा ३० जूनच्या आत, आणि फॉर्म ५ चं पर्यावरण स्टेटमेंट ३० सप्टेंबरपर्यंत. उत्तरात "आमच्याकडे काही उल्लंघन नाही" असलं लिहू नका, फोटो त्यांच्याकडे आहेत. काय चुकलं, काय करतोय, कुठल्या तारखेला होणार, एवढंच लिहा. गंजलेले दोन ड्रम मात्र आजच प्लास्टिकच्या ड्रममध्ये रिकामे करा आणि खाली सिमेंटचा कोबा असलेल्या जागेवर हलवा.

सातारकर७७
सगळे पाण्याचंच बोलताय म्हणून लिहितो. माझे वडील एका युनिटमध्ये क्रोम बाथवर २२ वर्षं होते. शिंकले की रक्त यायचं, घरी सगळे उष्णता म्हणायचे आणि आई सब्जाचं पाणी द्यायची. शेवटी कानानाकाच्या डॉक्टरने टॉर्च मारला तर मधल्या पडद्याला आरपार भोक, वाटाणा जाईल एवढं. क्रोमच्या वाफेने होतं म्हणाला. तुमच्या बाथला काठावरून वाफ ओढणारं सक्शन आहे का? आणि माणसांची नाकं शेवटची कधी तपासली?

झिंकवाला_भोसरी
कन्सल्टंटला नको म्हणून सांगितलं, उत्तर मीच लिहितोय, ताई ड्राफ्ट टाकतो इथे, बघाल का जरा. काका, मेटाबायसल्फाइटची गोणी मागवली.

सक्शन आहे, पण वर्षभर बंदच. आवाज फार होतो म्हणून पोरांनीच वायर काढून ठेवली होती आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. आज वायरमन येतोय. बाथवरच्या दोघांना नाकाचं विचारलं तर एक जण हसला नुसता, म्हणाला शेठ, रक्त तर थंडीत सगळ्यांनाच येतं.