माकडाच्या चर्वणस्नायूंत टाइप २ तंतू जाड, माणसात बारीक: असे का?

दंतविद्यार्थिनी:
नमस्कार. मी दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. मांडीच्या स्नायूच्या कापात टाइप २ तंतू, म्हणजे झटपट आकुंचन पावणारे तंतू, सहसा टाइप १, म्हणजे मंद आकुंचन पावणाऱ्या तंतूंएवढेच किंवा त्यांहून जाड असतात, असे आम्हाला शिकवले गेले. माणसाच्या मॅसेटरची (गालातल्या चर्वणस्नायूची) स्लाइड पाहिली तेव्हा मात्र चित्र उलटे होते: टाइप १ भरदार आणि त्यांच्या मधल्या फटींत टाइप २ इतके बारीक, की प्रथम मला तो रोगट स्नायू वाटला. रिसस माकडाच्या टेम्पोरॅलिसच्या (कानशिलावरच्या चर्वणस्नायूच्या) छायाचित्रात टाइप २ पुन्हा जाडजूड. माझी नोंद चुकली आहे की फरक खरा आहे?

सूक्ष्मदर्शी:
नोंद बरोबर असावी. जबड्याचे स्नायू गर्भाच्या घशाजवळच्या पहिल्या ग्रसनी कमानीतून घडतात आणि त्यांच्याकडे हातापायांच्या स्नायूंत न आढळणारे एक वेगळे मायोसिन, म्हणजे आकुंचन घडवणारे प्रथिन, असते. ते मांजरासारख्या मांसाहारी प्राण्यांत आणि पुष्कळ प्रायमेटांत (माकडे, वानर यांच्या गणात) दिसते. ज्या तंतूंत ते असते त्यांना २-एम म्हणतात, आणि त्याचे जनुक म्हणजे एमवायएच१६. हे तंतू ताकदीने भारी असतात. माकडाच्या टेम्पोरॅलिसमधले जाड टाइप २ तंतू याच मायोसिनाचे आहेत.

माणसात हे जनुक निकामी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हॅन्सेल स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की त्यातील दोन बेस (डीएनएची अक्षरे) गळून पडल्याने जनुक वाचण्याची चौकट सरकते आणि प्रथिन पूर्ण तयार होत नाही. निरनिराळ्या मानवसमूहांत तपासले तरी हा बदल सर्वत्र होता, तर इतर प्रायमेटांत जनुक शाबूत होते. हा बदल सुमारे २४ लाख वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी पेरी आणि सहकाऱ्यांनी तो सुमारे ५३ लाख वर्षांपर्यंत मागे नेला. त्यामुळे या शोधावरून मांडले जाणारे 'जबडा ढिला झाला, म्हणून मेंदू वाढला' हे वाक्य प्रबंधात जपून वापरावे. कालगणना डळमळीत झाली की कथेचा पायाच हलतो.

जुना_प्रयोगशाळावाला:
वरील उत्तरात एका गोंधळाची भर घालतो, कारण मी स्वतः त्यात एक आठवडा घालवला आहे. माणसाच्या चर्वणस्नायूंवरील लेखांत 'आयएम' असे तंतू येतात. एटीपीएज रंजनात, म्हणजे मायोसिनाची विकर-क्रिया रंगाने दाखवणाऱ्या पद्धतीत, त्यांचा रंग गडद आणि फिकट यांच्या मधला असतो, म्हणून ते नाव. ते २-एम नव्हेत. अक्षरे सारखी, अर्थ निराळा. माणसाच्या या स्नायूंत एकाच तंतूत दोन-तीन प्रकारची मायोसिने, त्यात भ्रूणावस्थेतली आणि हृदयातलीसुद्धा, एकत्र नांदतात. त्यामुळे केवळ एटीपीएजवर भिस्त ठेवू नये, एकेक मायोसिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांनी रंजन करावे.

दंतविद्यार्थिनी:
आभारी आहे. मग माकडाच्या स्नायूत टाइप १ तंतूंना काम उरते काय?

सूक्ष्मदर्शी:
बरेच उरते. कानशिलावर बोटे टेकवून दाढा हळूच आवळा. बोटाखाली प्रथम फुगते ती टेम्पोरॅलिसची पुढची बाजू. माकडांतही टेम्पोरॅलिसच्या पुढच्या, खोल भागात आणि खोल मॅसेटरमध्ये मंद तंतूंचे प्रमाण तुलनेने जास्त, तर वरवरच्या व मागच्या भागांत वेगवान तंतू अधिक असतात. म्हणून 'मॅसेटरमध्ये टाइप १ इतके टक्के' असा एकच आकडा दिला, तर तो कोणत्या भागाच्या तुकड्याचा आहे हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो. शिवाय तंतूचा प्रकार, जाडी आणि लांबी या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. मोठे सुळे असलेल्या नराला तोंड मोठे उघडावे लागते, तो प्रश्न लांबीचा. चावण्याच्या ताकदीचा हिशेब मुख्यतः आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाचा.

जुना_प्रयोगशाळावाला:
म्हणूनच मोजताना तंतूचा लघुतम व्यास घ्यावा. मॅसेटरमध्ये कंडरांचे पापुद्रे आत शिरलेले असतात आणि तंतू त्यांना तिरपे जोडलेले असतात. एकाच कापात काही तंतू सरळ, काही तिरके कापले जातात आणि तिरका तंतू उगाच जाड दिसतो. तुमच्या स्लाइडवर टाइप २ सर्वत्र बारीकच राहिले, तर शंका घेण्याचे कारण नाही.