बाबांना घेऊन चिलिकाला पक्षी पाहाले जायचं आहे, रंभा का मंगलाजोडी? (गोंदियाकडून)

धानबांधी_अर्जुनी:
नमस्कार मंडळी. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जवळपास. यंदा धानाचं चुरणं लवकर आटपते असं दिसते आणि उन्हाळी धान आम्ही लावत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सवड आहे तर बाबांना घेऊन ओडिशात चिलिकाला, म्हणजे समुद्राला लागून असलेल्या त्या मोठ्या सरोवराला, जायचं मनात आहे. बाबा जन्मभर तलावाच्या पाळीवर राहिलेला माणूस, रात्री डोक्यावरून बदकं गेली तर आवाजावरून सांगतात कोणती गेली ते, पण समुद्र त्यांनी अजून पाहिला नाही आणि लाखांनी पक्षी एका जागी उतरतात हे मी सांगतो तर त्यांना पटत नाही. यूट्यूबवर कोणी म्हणते सातपाडा, कोणी बरकुल, कोणी रंभाची खाडी, कोणी मंगलाजोडी, हे सगळं एकाच पाण्याच्या काठी आहे का वेगवेगळं तेच समजून नाही राहिलं. बाबांचे गुडघे दुखतात, लांब चालणं होत नाही. गाडी कोणती, कुठं उतरायचं, मोटारबोट घ्यायची का, कोणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा जी.

पाळीवरून_भंडारा:
भाऊ सगळं एकाच चिलिकाच्या काठी आहे, पण ते आपल्या तलावासारखं नाही का पाळीवर उभं राहिलं आणि पलीकडचा काठ दिसला. पावसाळ्यात ते साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरते, उन्हाळ्यात नऊशेपर्यंत येते. उत्तरेकडून महानदीचे फाटे दया आणि भार्गवी गोडं पाणी आणतात, पूर्वेला समुद्राचं तोंड आहे तिथून खारं पाणी आत शिरते, आणि दक्षिणेला रंभाची खाडी, तिथं पाणी जरा खोल आणि पूर्व घाटाचे डोंगर अगदी काठाला टेकलेले. पाणी बदललं का पक्षी बदलतात, म्हणून एका कोपऱ्यात जे दिसते ते दुसऱ्या कोपऱ्यात दिसेलच असं नाही.

बाबांना पक्षी दाखवायचे असतील तर आधी मंगलाजोडी, यात मी दोन मतं ठेवत नाही. उत्तरेकडचं गोड्या पाण्याचं दलदलीचं गाव आहे, गवतातून पाण्याच्या वाटा काढलेल्या आहेत आणि लाकडी होडीत बसवून मागे उभा राहून माणूस लांब बांबूनं ढकलत नेतो, इंजिन नाही, आवाज नाही, त्यामुळं पक्षी उडतच नाहीत. काळ्या शेपटीचे पाणटिवळे तर इतके जवळ चरतात का चोच चिखलात किती खोल जाते ते साध्या डोळ्यानं दिसते. तलवार बदक, गडवाल, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, मोर शराटी, मुग्धबलाक हे सगळे बाबांच्या ओळखीचे निघतील, फक्त इथं ते थव्यानं नाही, पाणी झाकून टाकतील इतके असतात. आणि होडीत बसूनच सगळं होते, गुडघ्याची काळजी नको.

गाडीचं म्हणाल तर अहमदाबाद-पुरीच्या गाड्या नागपूर-गोंदियावरून जातात. नाव एकच पण दिवसाप्रमाणं पुढचा रस्ता वेगळा असतो, कोणती विजयनगरमवरून फिरून जाते कोणती संबलपूरवरून, पण खुर्दा रोड सगळ्यांना लागते, तिथंच उतरा. तिथून टांगी आणि टांगीवरून आत मंगलाजोडी, रिक्षा नाहीतर जीप करून घ्या. पुरीला उतरून मागं येत बसू नका.

वैनगंगाकाठ_ब्रह्मपुरी:
दादा, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांचंही वय झालेलं, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीनं सांगते. मंगलाजोडीची होडी बुटकी असते, चढता-उतरताना नावाडी हात देतो पण बाबांना मधोमध बसवा, काठावर नको. पहाटेचीच फेरी घ्या, थंडी असते तर शाल आणि कानटोपी पाहिजेच, आणि कपडे मातकट नाहीतर हिरवे घाला, लाल-पिवळं नको. होडीत निघाल्यावर दोन-तीन तास मध्ये कुठं उतरायची सोय नसते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना निघायच्या आधी चहा थोडाच द्या, ही गोष्ट कोणी सांगत नाही पण महत्त्वाची आहे.

रंभा पण सोडू नका बरं. पक्षी मंगलाजोडीपेक्षा कमी दिसतील पण खाडी फार सुंदर आहे, तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये बेटं. एक पक्ष्यांचं बेट म्हणजे मोठाले खडक, पाणकावळ्या-बगळ्यांच्या विष्ठेनं पांढरे पडलेले. एक ब्रेकफास्ट आयलंड, खल्लीकोटच्या राजाच्या काळातल्या इमारतीचे अवशेष आहेत त्याच्यावर. आणि एका खडकावर निमुळता खांब उभा दिसतो, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गंजामच्या स्नॉडग्रास नावाच्या कलेक्टरनं वर दिवा लावण्यासाठी बांधला होता. इथं मोटारबोटच लागते, पाणी मोठं आहे. लाइफ जॅकेट मागून घ्या, देत नसतील तर त्या बोटीत बसू नका, खरंच सांगते. रंभाला आणि बरकुलला ओडिशा पर्यटनाचं पांथनिवास आहे, खाडी समोरच, हिवाळ्यात भरून जाते म्हणून आधी बुकिंग करा.

खाण्याचं टेन्शन नाही, भात खाणाऱ्यांचाच मुलूख आहे आपल्यासारखा, भात-डालमा सगळीकडं आणि झिंगे-खेकडे ताजे. सासूबाईंना कालीजाईच्या बेटावर जायचं होतं, ते बरकुलवरून बोटीनं जातात, पण मकर संक्रांतीला तिथं मोठी जत्रा असते, गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा.

इटियाडोह_काठ:
इतक्या लांब काहून जाता भाऊ, आपल्याकडं काय कमी आहे. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया जिल्ह्याशिवाय नीट कुठं दिसत नाही, हिवाळ्यात आपल्याच तलावांवर कादंब हंस येतात, तलवार बदकं येतात. लोक मुंबई-पुण्यावरून आपल्याकडं पाहाले येतात आणि आपण ओडिशात चाललो. तो खर्च गावच्या तलावासाठी करा असं माझं प्रामाणिक मत आहे.

धानबांधी_अर्जुनी:
तुमचं म्हणणं मनाला लागलं भाऊ आणि सारस तर आमच्या धानाच्या बांधीत येतात, त्याच्या घरट्याजवळचं धान आम्ही कापायला मागं ठेवतो. पण बाबांना एकदा समुद्र दाखवायचा आहे, आणि आपल्या तलावावर जी बदकं कमी होत चालली ती दुसरीकडं कशी टिकली ते मला पाहायचं आहे. ताई, चहाचं सांगितलं ते बरं झालं, माझ्या डोक्यात आलं नसतं.

धिवर_साकोली:
टिकली कशी हे विचारलं म्हणून लिहितो, नाहीतर मी फक्त वाचतो इथं. आम्ही धिवर, मासेमारी सोसायटीचं काम पाहतो आणि आमच्या सोसायटीतली काही मंडळी मंगलाजोडीला मुद्दाम जाऊन आली, मीही होतो.

तिथल्या लोकांचा आधीचा धंदा पक्षी मारून विकायचा होता. एक-दोन नाही, गावच्या गाव त्यात. बंदूक, जाळं, आणि शेतात टाकायचं दाणेदार विष आमिषात कालवून टाकायचे, एका रात्रीत पोतं भरून पक्षी निघायचे आणि बाजारात जायचे. २००० च्या सुमारास तिथं पक्षी काही हजारांवर येऊन ठेपले होते. त्याच वेळी काही संस्थांनी आणि वन खात्यानं गावात बसून बोलणं सुरू केलं, गावातच महावीर पक्षी सुरक्षा समिती झाली आणि ज्यांना पक्षी कुठं झोपते, कधी उठते, कशाला फसते हे सगळ्यात जास्त माहीत होतं तेच राखणदार झाले. आज होडी ढकलणारा आणि पक्ष्याचं इंग्रजी नाव सांगणारा माणूस बरेचदा त्यांच्यातलाच असतो. आता हिवाळ्यात तिथं लाखांनी पक्षी असतात. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही का त्यांना कोणी गावातून उठवलं नाही, त्यांचं पाणी त्यांच्याकडंच राहिलं आणि पोटाची सोय पाण्यातूनच झाली. आमच्याकडं अभयारण्य म्हटलं का पहिले मासेमाराला बाहेर काढतात, म्हणून लोक पक्ष्यांचं नाव काढलं का घाबरतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. चिलिका गाळानं भरत चाललं होतं, समुद्राचं तोंड बुजत गेलं होतं, खारेपणा कमी झाला, पाणवनस्पतींनी पाणी झाकलं, मासे गेले. १९९३ मध्ये रामसरच्या (पाणथळ जागा राखायचा जगभरातल्या देशांचा करार) धोक्यातल्या पाणथळांच्या यादीत त्याचं नाव गेलं, जेव्हा का १९८१ मध्ये भारतातल्या पहिल्या रामसर ठिकाणांत ते होतं. मग २००० मध्ये सातपाड्याकडं नवीन तोंड खोदलं, समुद्राचं पाणी परत आत आलं, एक-दोन वर्षांत मासळी काही पट वाढली आणि २००२ मध्ये त्या यादीतून नाव निघालं. म्हणजे आधी पाणी नीट झालं, मासे आले, माणसं टिकली आणि पक्षी पण टिकले. सगळं सुटलं असंही नाही, झिंग्यासाठी पाण्यात बेकायदा घेरी म्हणजे कुंपणं घालतात त्याचं भांडण अजून आहे.

परत आल्यावर आम्ही आमच्या तलावातलं बेशरमाचं तण काढायला जोर लावला, देवधान (रानटी धान) आणि दुसऱ्या पाणवनस्पती लावल्या. माशांना अंडी घालायला जागा झाली आणि बदकांना खायला. इटियाडोहवाले भाऊ, तुमचं बरोबरच आहे, पण तिकडं पाहिलं नसतं तर सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना नुसत्या बोलण्यावर पटलं नसतं. धानबांधी भाऊ, गाइड गावच्या समितीचाच घ्या, बाहेरच्या एजंटाकडून पॅकेज नको, पैसा त्याच घरात गेला पाहिजे ज्या घरानं जाळं खाली ठेवलं.

इटियाडोह_काठ:
हे मला माहीत नव्हतं भाऊ. सोसायटीचं काम पाहाले येऊ का एक दिवस साकोलीला? आमच्याकडं पण बेशरम लय वाढलं.

धिवर_साकोली:
या ना जी, मेसेज करा.

धानबांधी_अर्जुनी:
मग असं ठरवतो: खुर्दा रोडला उतरून मंगलाजोडीला मुक्काम, एक पहाट आणि एक संध्याकाळ होडीत, मग रंभा. समुद्राचं काय करू, चिलिकातून समुद्र दिसते का? आणि नलबन बेट म्हणतात तिथं जाता येते का? दुर्बीण विकत घ्यायची आहे तर कोणती?

पाळीवरून_भंडारा:
सातपाड्यावरून बोटीनं तोंडापर्यंत गेलं का वाळूच्या पट्ट्यापलीकडं समुद्र दिसते, वाटेत इरावडी डॉल्फिन दिसू शकते, साऱ्या चिलिकात ते दीडशेच्या आसपास आहेत. पण नावाड्याला आधीच सांगून ठेवा का डॉल्फिन दिसला तर इंजिन बंद करून उभं राहायचं, मागं पळवायचं नाही, पंख्यानं जखमा होतात त्यांना. तेवढा प्रवास बाबांना झेपत नसेल तर रंभा झाल्यावर खाली गोपालपूरला जा, किनारा रस्त्याला लागूनच आहे, चालावं लागत नाही, बाबा निवांत बसतील. मी हेच करीन तुमच्या जागी.

नलबन अभयारण्य आहे, पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात चिखल उघडा पडला का तिथंच सगळ्यात मोठे थवे बसतात, कादंब तिथंच जास्त. हंगामात आत जायचा हट्ट धरू नका, दुरूनच पाहा, कारण एक थवा उठला का त्याच्यामागं हजारो उठतात आणि हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला चरायचं सोडून उगाच उडावं लागते. दरवर्षी जानेवारीत चिलिकात गणती होते, अलीकडं आकडा ११ लाखांच्या वर असते, बाबांना पटत नसेल तर तिथल्या वन खात्याच्या माणसाच्या तोंडून ऐकवा.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. १० ची मोठं दाखवते पण हलत्या होडीत चित्र थरथरते आणि बाबांचा हात कापत असेल तर अजूनच. घेतल्यावर आधी गावच्या तलावावर वापरायची सवय करू द्या त्यांना, तिकडं जाऊन फोकस शिकण्यात पहाट जाईल.