सांगलीत स्ट्रीट फोटोग्राफी: लेन्स कोणती, जागा कुठल्या आणि माझे फोटो निर्जीव का वाटतात?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. दिवाळीत जुना कॅनन डीएसएलआर घेतला, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप जरा लहान). सोबत ५० एमएम १.८ लेन्स आहे. सुट्टी फक्त रविवारची. तीन महिने हरभट रोड, मारुती चौक, गणपती मंदिराचा परिसर पालथा घालतेय. हजारभर फोटो काढले असतील, पण घरी येऊन बघितले की तेच ते: पाठमोरी माणसं, भाजीच्या पाट्या, कुणाची तरी अर्धी स्कूटर. फोकस ठीक, रंग ठीक, तरी फोटोत जीव नाही. लोकांच्या जवळ जायला भीती वाटते, हेही कारण असेल. लेन्स बदलू का? सांगली-मिरजेत कुठे जाऊ? आणि चांगला फोटो म्हणायचं तरी कशाला?

मिरजकर
आधी लेन्सचं सांगतो. एमएम जितके जास्त, तितका फ्रेमचा आवाका कमी. तुमच्या लहान सेन्सरच्या बॉडीवर ५० एमएम म्हणजे जवळपास ८० एमएम. त्यातून रस्ता दिसतच नाही, दिसतं ते एकटं डोकं. कॅननचीच २४ एमएम २.८ पॅनकेक लेन्स सेकंडहँड बघा. ती साधारण ३८ एमएमसारखी पडते आणि इतकी चपटी आहे की समोरचा बिचकत नाही. तोवर मोबाईल वापरा, त्याचा मुख्य कॅमेरा वाइडच असतो, म्हणजे जास्त रुंद दिसतं.

२४ एमएम मिळाली की एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान) ठेवा, आठ फुटांवरच्या वस्तूवर फोकस करून मॅन्युअलवर टाका. पाच फुटांपासून वीसेक फुटांपर्यंत सगळं नीट येतं, फोकससाठी थांबावं लागत नाही. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो.

मिरजेत आलात तर सतारमेकरांच्या गल्लीत या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले सतारीचे भोपळे टांगलेले असतात आणि दुकानात उजेड फक्त दारातून येतो. कारागीर दाराकडे तोंड करून बसतो, त्यामुळे चेहरा आणि हात उजेडात, मागचं सगळं काळोखात. वेगळं काही करावं लागत नाही.

सांगलीवाडी
मिरजकरांचं लेन्सचं म्हणणं बरोबर आहे, पण ताई, तुमचे फोटो लेन्समुळे निर्जीव नाहीत. तुम्ही फिरत राहता म्हणून तसे आहेत. तीन महिन्यांत तीन जागा म्हणजे एकही जागा नीट बघितली नाही.

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा पॅरिसमधला फोटो आठवा: साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर आहे, खाली प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये नर्तकीची तशीच झेप. उडी मारणारी माणसं कुठेही दिसतील. त्या फोटोत मागची नर्तकी पुढच्या माणसाशी बोलते. माझ्यापुरता चांगला फोटो तोच, ज्यात दोन गोष्टी एकमेकींशी काहीतरी बोलतात. तुमच्या भाजीच्या पाटीशी बोलणारं फ्रेममध्ये दुसरं काय होतं, ते विचारा स्वतःला.

मी एक हंगाम मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जात होतो. पहिले आठ-दहा दिवस सगळे काढतात तेच काढलं: पिवळ्या धुळीने माखलेले हमाल, पोत्यांच्या थप्प्या. एका सकाळी चहाच्या टपरीसमोरच्या ओल्या फरशीवर हमालांची पिवळी पावलं उमटली होती आणि टपरीवाल्या मावशी फडकं घेऊन ती पुसायला वाकल्या. मागून पुढचा हमाल पाय टाकतच होता. तो फोटो मिळाला, कारण माझी जागा ठरलेली होती आणि मावशींना माझी सवय झाली होती. (यार्डात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल साधणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. एवढं पिवळं बघून कॅमेरा त्यात निळं मिसळतो. डेलाइटवर ठेवा.)

जागा एकच सुचवतो: कृष्णेवरचा आयर्विन पूल. सकाळी ऊन सांगलीच्या बाजूने येतं, त्यामुळे नदीपलीकडच्या आमच्या सांगलीवाडीकडून चालत, सायकलवर येणाऱ्यांच्या थेट तोंडावर पडतं. संध्याकाळी ऊन मागून येतं, तेव्हा त्याच माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. सहा रविवार तिथेच उभ्या राहा. शटर दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडा बघा. तुमची अर्धी स्कूटर तिथूनच आत शिरते.

माणदेशी
दादांचं पटलं, पण भीतीबद्दल कुणी बोललंच नाही. बाईमाणसानं कॅमेरा घेऊन चौकात उभं राहणं वेगळं असतं. मी सरळ विचारते: "मामा, तुमचं काम बघू का जरा? फोटो काढला तर चालेल?" विचारलं की क्षण जातो असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. पहिला फोटो ताठ बसून देतात, तो मनापासून घ्यायचा. मग तिथंच थांबायचं, गप्पा मारायच्या. दहा मिनिटांत मामा आपल्या कामाला लागतात, आपला फोटो तेव्हा मिळतो. पुढच्या वेळी प्रिंट नेऊन द्यायची. एक प्रिंट दिली की सगळी गल्ली ओळखते.

कुणी मानेनं जरी नको म्हटलं तर कॅमेरा खाली. लहान मुलांचे चेहरे आईबापांना विचारल्याशिवाय नेटवर टाकायचे नाहीत.

सांगलीवाडी
हे मी लिहायला हवं होतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर मी कॅमेरा घेऊन निघालो. एक आज्जी दारात बसून चिखलातली भांडी धूत होत्या. उजेड सुरेख होता, फोटोही आला. त्यांनी वर बघितलं आणि मला पुढे शब्द सुचला नाही. कॅमेरा गळ्यातून काढला, भांडी धुवायला बसलो. तो फोटो आजवर कुणाला दाखवला नाही, दाखवणारही नाही.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. आज पुलावर गेले होते, मोबाईल घेऊन. पहिला तास काहीच नाही. मग दुधाचे कॅन लावलेले एक काका सायकल थांबवून म्हणाले, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, उन्हाची. ते हसले आणि कठड्याला सायकल टेकवून माझ्याबरोबर पाच मिनिटं थांबले. फोटो एकच काढला. त्यांची आणि कॅनची सावली कठड्यावर एकमेकींत मिसळली आहे, काका बाजूला बघतायत. डावीकडे दिव्याचा खांब थोडा आत आलाय. तो कापू का राहू दे?

सांगलीवाडी
राहू दे. पुढच्या रविवारी दोन पावलं उजवीकडे उभ्या राहा. आणि त्या काकांची प्रिंट काढून ठेवा, दूधवाले रोज त्याच वेळेला येतात.