राजू शेट्टींनी दिल्लीला जायला नको होतं का?

आडसाली (शिरोळ तालुका)

२०२४च्या लोकसभेला हातकणंगल्यात ऊस आंदोलनाचे नेते राजू शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर गेले, तेव्हापासून आमच्याकडे पारावर एकच वाक्य ऐकू येतं: ‘रस्त्यावर होते तोवर वाघ होते, खासदार झाले आणि चळवळ संपली.’ मला हे मुळीच पटत नाही.

माणूस आमच्याच तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत तयार झाला, मग स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. २००२ला जिल्हा परिषद, २००४ला अपक्ष आमदार, २००९ला खासदार. साखर कारखानदारांच्या पट्ट्यात, स्वतःच्या चिमुकल्या पक्षाकडून, सुमारे ९५ हजारांच्या फरकाने. २०१४ला तो फरक पावणेदोन लाखांच्या वर गेला. प्रचाराचा खर्च लोकांनी वर्गणी काढून उचलला, ‘एक मत, एक नोट’ म्हणत.

आता बघा, उसाचा दर ठरतो कुठे? एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, हा १९६६चा ऊस नियंत्रण आदेशही केंद्राचाच. निर्यात, इथेनॉल, साखरेची किमान विक्री किंमत, सगळं तिकडेच. मग आपला माणूस तिथे नको?

लाल कांदा (निफाड)

आडसालीभाऊ, तुमच्याच मुद्द्यावर बोलतो. २०१७-१८ला एफआरपी क्विंटलला २५५ रुपये होती, साडेनऊ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर). पुढच्या हंगामात २७५ झाली, पण हा दर ज्या उताऱ्याला धरतात तो पायाभूत उतारा साडेनऊचा दहा केला. कागदावर टनाला २०० रुपये वाढ. दहा टक्के उताऱ्यावर दोन्ही वर्षांचा हिशेब मांडा, खरी वाढ निघते टनाला ६६-६७ रुपये. बाकीचे पैसे गेले कुठे ते शेतकऱ्याला कळलंसुद्धा नाही. आणि त्या वेळी शेट्टी लोकसभेतच होते. थांबलं का?

१९८०चं चाकणचं कांदा आंदोलन आठवा. जोशींकडे तेव्हा ना आमदार होता ना खासदार. ‘मतं मागायला आलो तर जोड्याने मारा’ असं ते सांगायचे, म्हणून बाया-बापड्या रस्त्यावर बसल्या. पुढे १९९४ला त्यांनी स्वतःच पक्ष काढला, २००४ ते २०१० राज्यसभेत राहिले. तेवढ्या काळात आमच्या कांद्यावरची निर्यातबंदी कायमची सुटली नाही. रस्ता सोडला की धाक जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

खोडवा (वाळवा)

थांबलं नाही हे खरं. पण पाचशेच्या वर खासदारांत शेतकरी चळवळीतून आलेले किती होते? एकट्याकडून बहुमताचं काम मागता तुम्ही. २०१७ला मध्य प्रदेशात मंदसौरला शेतकऱ्यांवर झालेल्या गोळीबारानंतर देशभरच्या संघटना एकत्र आल्या, कर्जमुक्ती आणि हमीभाव या दोन विधेयकांचे मसुदे तयार झाले. २०१८ला ते लोकसभेत मांडायला एक सदस्य लागतो, तो शेट्टी होते म्हणून मिळाला. हमीभावाला कायद्याचा आधार हवा, ही मागणी संसदेच्या कागदावर आली ती अशी.

लाल कांदा (निफाड)

कागदावर आली, तिथेच राहिली. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं, मंजूर होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर एकही उदाहरण नाही. उलट २०२१ला तीन कृषी कायदे मागे घ्यावे लागले ते दिल्लीच्या वेशीवर सिंघू आणि टिकरीला वर्षभर ठाण मांडून बसलेल्या माणसांमुळे.

माझा खरा राग युत्यांवर आहे. २०१४ला भाजपबरोबर, २०१७ला बाहेर, २०१९ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. ज्यांच्या कारखान्यांवर मोर्चे नेले, त्यांच्याच शेजारी व्यासपीठावर. कार्यकर्त्याने २०१२ला ऊसदराच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या. सांगली जिल्ह्यात वसगड्याला तर गोळीबारात शेतकऱ्याचा जीव गेला. त्या घरातल्या माणसाला हे काय सांगायचं?

दूधवाली (हातकणंगले तालुका)

दादा, मीही २०१९ला त्यांना मत दिलं नाही, त्या युतीमुळेच. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी दिलं नाही. पण त्याचा अर्थ तुम्ही लावता तसा नाही. आम्ही वर्गणी दिली होती, म्हणून जाबही विचारला. कारखान्याच्या पैशावर निवडून आलेल्याला असा जाब विचारता येतो का?

आणि जुलै २०१८चं दूध आंदोलन रस्त्यावरच झालं ना, खासदार असताना? चार दिवसांत सरकारला २५ रुपये लिटर कबूल करावे लागले. त्या आधी आमच्या डेअरीवर १७-१८ रुपये हातात पडायचे, पेंडेचं पोतं घेतलं की खलास. खासदार झाल्यावर माणूस रस्ता सोडतो हे निदान त्या वेळी खोटं ठरलं.

लाल कांदा (निफाड)

ताई, तुमचं दुधाचं मान्य. पण पुढचं ऐका. फेब्रुवारी २०२२ला राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा आदेश काढला. ते सरकार कुणाचं? महाविकास आघाडीचं, जिच्यात स्वाभिमानी तेव्हा सामील होती. एप्रिलमध्ये शेट्टी आघाडीतून बाहेर पडले. मग याचिका केली आणि मार्च २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे एकरकमी एफआरपी मिळवली ती खासदारकी नसताना, आघाडी नसताना. मी तेच म्हणतोय.

आडसाली (शिरोळ तालुका)

त्या निकालाचा आनंद मलाही झाला. पण तीन हंगाम गेले त्याचं काय? दुसरा हप्ता त्या हंगामाच्या उताऱ्यावर, आणि तो हंगाम संपल्यावर निघणार, तोवर सोसायटीचं व्याज चालूच. एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा, तोडणी टोळीला वरून द्यायची खुशाली वेगळी, ट्रॅक्टरवाल्याला खेपेमागे द्यायची एन्ट्री वेगळी, लागणीचं खत उधार. कोर्टाने हक्क परत दिला, गेलेला वेळ दिला नाही. शिवाय कोर्ट कशाच्या आधारावर बोललं? केंद्राच्या त्याच नियंत्रण आदेशाच्या. उद्या दिल्लीने तोच आदेश बदलला तर कुठल्या कोर्टात जायचं? २०१८ला उतारा बदलला तो बदल वाचणारा एक तरी माणूस सभागृहात होता. आज आमच्या मतदारसंघातून कोण वाचतंय?

युतीबद्दल मात्र तुमच्याशी भांडत नाही. ती चूकच होती, आणि एकदा नाही, दोनदा.

लाल कांदा (निफाड)

मग जयसिंगपूरच्या स्वाभिमानीच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीच्या (उसाच्या पहिल्या हप्त्याच्या) आकड्याआधी हा ठराव मांडा: लोकसभेला उमेदवार द्यायचा, खर्च वर्गणीतून, कुठल्याही आघाडीत जायचं नाही. तो हात वर करून मंजूर झाला तर निफाडहून माझीही नोट येईल. नाही झाला, तर माझं मत आहे तेच आहे.