आईसाठी चप्पल सुचवा (वय ७१, शुगर आहे), बजेट ८००

वेंगुर्ल्याची_लेक
नमस्कार मंडळी. आई गावी वेंगुर्ल्याजवळ एकटीच असते, शुगर बरीच वर्षं आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. टाचांना भेगा, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलंय, करंगळीखाली कुरूप, आणि पाऊस लागला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या ठरलेल्या. साधी रबरी स्लिपर घालते ती पायातून निसटते, नाहीतर मग अनवाणीच खळ्यात (अंगणात), माडांच्या बुडाशी, गोठ्यात. परवा फोनवर म्हणाली चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. चतुर्थीला जाणार तेव्हा बरीशी चप्पल घेऊन जायचीय. धुता आली पाहिजे, खळं जांभ्याचं आहे आणि शेवाळ धरतं. ८०० पर्यंत कुठली घेऊ?

अलिबागकर
ताई ८०० मध्ये आजकाल काही येत नाही. मी वडिलांना साडेतीन हजारांचे वॉकिंग शूज घेतले, आत जेलचा जाड सोल, टाच दुखायची ती बंद झाली आणि आता रोज किनाऱ्यावर फेरी मारतात. एकदाच पैसे घाला.

वेंगुर्ल्याची_लेक
दादा ती गोठ्यात जाते, बूट चिखलात जातील. आणि बजेट खरंच ८०० आहे.

दापोलीची_सून
ते भोकं असलेले फोमचे बूट मात्र घेऊ नका. ऑनलाइन मागवले होते सासूबाईंना, पाणी निघून जातं म्हणून छान वाटले, पण मागचा पट्टा कोणी लावतच नाही, पुढे सरकवून ठेवतात. पहिल्याच पावसात विहिरीच्या पायरीवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. तळाला खोल नक्षी आहे का ते उलटं करून बघूनच घ्या, गुळगुळीत असेल तर फुकट दिली तरी नको.

मालवणी_झील
माझ्या आवशीचे पाय पण असेच फुटत. कोकमाचा मुटयाल जरा गरम करून रातीक भेगांत भर आणि वर जुने मोजे घाल. दुकानातला क्रीम कित्याक होया?

राजापूरकर
मुठेल म्हणजे कोकमाचं तेल बेस्ट, आमच्याकडेही तेच. पण चप्पल बदलून काय होणार, आधी खळ्यातलं शेवाळ काढा. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, नाहीतर सरळ टाइल्स बसवून टाका.

हर्णै_बंदर
टाइल्स??? पावसाळ्यात ओल्या टाइल्सवर म्हातारं माणूस? जांभा खडबडीत असतो, पाय धरतो, फक्त शेवाळ काढत राहायचं. आमच्या वाडीत ज्यांनी ज्यांनी ओटीला गुळगुळीत टाइल्स घातल्या ते सगळे आता वर गोणपाट अंथरून चालतायत.

राजापूरकर
खडबडीत टाइल्सही मिळतात हो.

रत्नांग्रीचे_काका
कुरुपाला मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावा, आपोआप निघून येतं. राहिलं तर मी नवीन ब्लेडने तासतो, वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही. हल्लीची पिढी जरा जरा गोष्टीला डॉक्टर करते.

सिस्टर_चिपळूण
काका, तुम्हाला शुगर नसेल, यांच्या आईला आहे. ताई कृपा करून कॉर्न कॅप लावू देऊ नका. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही, आणि पायाला कळतच नसेल तर खाली जखम होऊन पिकेपर्यंत पत्ता लागत नाही. ब्लेडचंही तेच. मी वॉर्डात असे पाय बघितलेत, सुरुवात कुरूप तासण्यापासून आणि शेवट बोट कापण्यात.

तुम्ही सगळं लिहिलंत पण मुख्य गोष्ट मधेच जाता जाता लिहिलीत. पायाखाली कापूस वाटणं म्हणजे नसांची जाणीव कमी होतेय असं समजा, चप्पल त्याच्यानंतर. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तपासतात, डोळे मिटून सांगायचं कळलं की नाही, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिनपण बघायला सांगा, मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात.

तोपर्यंत घरातही अनवाणी नको. रोज रात्री दोन्ही तळवे आरशात बघायचे, नजर कमी असेल तर शेजारच्या कोणाला तरी बघायला सांगा. गरम पाण्यात पाय बुडवून शेकायचे नाहीत, अंघोळीचं पाणीसुद्धा कोपराने बघून घ्यायचं. भेगांना मुठेल लावा किंवा युरियावालं क्रीम, पण उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत गरम काहीही ओतायचं नाही आणि बोटांच्या बेचक्यात तर तेल, क्रीम काहीच नको, तिथे ओल राहिली की चिखल्या वाढतात. बेचके फडक्याने कोरडे करायचे, चिखल्यांना क्लोट्रिमॅझोलचं (बुरशीवरचं) मलम बरं वाटल्यावरही दोनेक आठवडे चालू ठेवायचं. नखं सरळ कापायची, कोपरे आत कोरायचे नाहीत.

चप्पल म्हणाल तर एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर), मागे पट्टा असलेली. कुष्ठरोगाच्या पेशंटसाठी हे रबर खूप आधीपासून वापरतात, आतून मऊ आणि खाली टणक तळ. तुमच्या बजेटच्या आसपास मिळेल.

अलिबागकर
मग जेल सोल आणि यात फरक काय? मऊ ते मऊच.

सिस्टर_चिपळूण
फरक आहे. खूप जाड आणि लिबलिबीत तळ असला की म्हाताऱ्या माणसाला खालची जमीन कळत नाही आणि तोल जातो. तुमच्या वडिलांची टाच दुखत होती, त्यांना फायदा झाला असेल. यांच्या आईचा त्रास वेगळा आहे.

हर्णै_बंदर
सिस्टर म्हणतात ते बरोबर. अजून एक, भेगा पडलेल्या पायांनी लावणीच्या चिखलात किंवा गोठ्यातल्या साचलेल्या पाण्यात जायचं नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तापाचे जंतू तिथून शिरतात, उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात. सिंधुदुर्गात तर दर पावसाळ्यात भीती असते. गमबूट घाला. ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर थांबू नका. आणि देवळात प्रदक्षिणेला चप्पल काढावी लागते तेव्हा जाड मोजे घालायला सांगा, दुपारी फरशी तापलेली असते, बधिर पायाला फोड आलेले कळत नाहीत.

दापोलीची_सून
आणि संध्याकाळी घ्या चप्पल, दिवसभरात पाय सुजतात. आईंना नेता येत नसेल तर शेजारणीला सांगा, संध्याकाळी उभं करून दोन्ही पावलांचा आकार कागदावर काढून फोटो पाठवायचा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

रत्नांग्रीचे_काका
पाय सुजतात ते बीपीच्या गोळीनेही. माझे अम्लोडिपिनने सुजायचे, डॉक्टरांनी गोळी बदलली आणि उतरले.

सिस्टर_चिपळूण
हे काका बरोबर बोलले. पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना.

वेंगुर्ल्याची_लेक
मंडळी, गावाहून परत आले, राहिलेलं सांगते. सरकारी दवाखान्यात धाग्याची तपासणी झाली, दोन्ही अंगठ्यांखाली तिला काहीच कळलं नाही. मी तिथेच रडले. बी ट्वेल्व्हचा रिपोर्ट यायचाय. कुरूप तिथल्या डॉक्टरांनी घासून कमी केलं, महिन्याने परत बोलावलंय. शेवाळ भावाने ब्लीचिंग टाकून घासलं.

चप्पल मात्र एमसीआरची घेतली नाही. आईने हातात घेतली आणि खाली ठेवली, म्हणाली ह्या आजाऱ्याच्या चपला, वाडीत सगळे विचारतील, मी घालणार नाही. कपाटात पडून राहणारी चप्पल घेऊन काय करू? लेडीजमध्ये जे काही होतं ते अंगठ्याच्या हाडावर दाबत होतं. शेवटी सावंतवाडीच्या बाजारात जेन्ट्सची सँडल मिळाली, पुढून रुंद, तीन पट्टे, तिन्ही वेल्क्रोचे, मागचाही. ६५०. तळाला चांगली खोल नक्षी आहे. ती घालून गोठ्यात जाते, आता निसटत नाही. घरात घालायला दुसरी घेतली तशीच.

अलिबागकर
जेन्ट्सची? शूजच घ्यायला हवे होते.

सिस्टर_चिपळूण
घालतेय हे महत्त्वाचं, पण जाणीव गेलीय हे आता पक्कं कळलंय त्यामुळे नवीन सँडल पहिल्या दिवसापासून दिवसभर नको. सुरुवातीला तास दोन तास, मग काढून पाय बघायचे, कुठे लाल झालं असेल तर तो पट्टा चुकतोय. घालण्याआधी हात घालून खडा, काटा नाही ना बघायचं. आणि आतलं तळ निघत असेल तर तिथे एमसीआरचं कापून बसवून घ्या, बाहेरून कोणाला दिसणार नाही.

वेंगुर्ल्याची_लेक
हे जमेल सिस्टर. भाऊ कुडाळला जाणार आहे, त्याला सांगते.

लाल_माती
माझ्या आत्येला पण घ्यायचीय. जेन्ट्सची ६ म्हणजे लेडीजची किती?

दापोलीची_सून
नंबरावर जाऊ नका, प्रत्येक दुकानात वेगळा निघतो. वर लिहिलंय तसं पावलांचा कागद घेऊन जा.